लांब पल्ल्यावर शिकारी रायफल आणि स्कोपची चाचणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची उत्तरं बोल्ट-अ‍ॅक्शन शिकारी रायफल, त्यावर टरेट (नेम वर-खाली किंवा डावी-उजवीकडे सरकवणारी घुंडी) असलेला स्कोप आणि १०० ते ६०० मीटर अंतर गृहीत धरून दिली आहेत. आकडे जिथे काडतुसावर अवलंबून आहेत, तिथे .३०८ विंचेस्टर आणि साधारण ८०० मीटर प्रतिसेकंद वेग धरला आहे. तुमचं काडतूस वेगळं असेल तर आकडे बदलतील, पद्धत तीच राहील.

१०० मीटरवर झिरो केलेलं आहे, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागते. मग लांबवर तपासायचं कशाला?

कारण १०० मीटरवर जवळजवळ सगळ्या चुका झाकल्या जातात. दोन काडतुसांच्या वेगात १० मीटर प्रतिसेकंदाचा फरक असेल तर १०० मीटरवर गोळी जेमतेम २ मिलिमीटर वरखाली होते, कागदावर ते कळतही नाही. तोच फरक ६०० मीटरवर ८ ते १० सेंटिमीटर होतो. टरेट ३ टक्के कमी सरकत असेल तर झिरोला त्याचा पत्ता लागत नाही, कारण झिरो झाल्यावर टरेट कुणी फिरवतच नाही. वारा, रायफलचा तिरकेपणा आणि पॅरॅलॅक्स (डोळा हलला की नेम सरकल्यासारखा दिसणं) यांचंही तसंच.

चाचणीतून शेवटी एकच गोष्ट कळायला हवी: ही रायफल, हा स्कोप, ही काडतुसं आणि हा माणूस मिळून किती अंतरापर्यंत पहिलीच गोळी जनावराच्या मर्मावर खात्रीने ठेवू शकतात. बाकी सगळी मोजमापं त्यासाठीच आहेत.

सोबत मित्र असलाच पाहिजे का?

झिरो एकट्याला करता येतो. चाचणी मात्र एकट्याने नीट होत नाही. ६०० मीटर जायला गोळीला साधारण एक सेकंद लागतो आणि तेवढा वेळ धक्क्यामुळे नेमबाजाच्या स्कोपमधलं चित्र हललेलं असतं. गोळी कुठे पडली हे मित्रच पाहू शकतो. त्याने स्पॉटिंग स्कोप (टार्गेट बघायची दुर्बीण) नेमबाजाच्या बरोबर मागे, नळीच्या रेषेत आणि थोडा वर लावावा. तिथून गोळीमागे ढवळलेली हवा रेघेसारखी दिसते आणि गोळी टार्गेटला न लागताही कुठून गेली ते कळतं. बाजूला बसलेल्या माणसाला ही रेघ तिरकी दिसते, म्हणून त्याचा अंदाज चुकतो.

दोन नियम पहिल्या दिवसापासून पाळा. चाप सुटला त्या क्षणी क्रॉसहेअर (स्कोपमधली नेमाची फुली) कुठे होता हे नेमबाजाने आधी बोलायचं आणि गोळी कुठे लागली हे मित्राने त्यानंतर सांगायचं. क्रम उलटा झाला की नेमबाजाची आठवण मित्राच्या उत्तराकडे सरकते आणि चूक कोणाची हे कधीच कळत नाही. दुसरा नियम भाषेचा. ‘जरा वर, थोडं डावीकडे’ असं बोलायचं नाही, ‘०.३ मिल वर, ०.२ डावीकडे’ असं बोलायचं. त्यासाठी दोघांच्या स्कोपमध्ये एकच माप हवं, मिल किंवा एमओए (दोन्ही कोनाची मापं). १०० मीटरवर १ मिल म्हणजे १० सेंटिमीटर आणि १ एमओए म्हणजे २.९ सेंटिमीटर.

गोळी झाडण्याआधी कोणती काळजी घ्यायची?

मागे मातीचा उंच बांध किंवा डोंगर नसेल तर त्या जागी चाचणी करायचीच नाही. .३०-०६ सारख्या काडतुसाची गोळी चार-पाच किलोमीटर जाऊ शकते. झाडीची रांग किंवा मोकळं माळरान तिला अडवत नाही.

दोघांच्या रायफली वेगळ्या काडतुसाच्या असतील तर टेबलावर एका वेळी एकाच रायफलची काडतुसं ठेवा, दुसरी पेटीत बंद. .३०० ब्लॅकआउटचं काडतूस .२२३ च्या चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं ती जागा) बसू शकतं आणि चाप ओढला तर रायफल फुटते. गप्पांच्या नादात अशी अदलाबदल सहज होते, म्हणून हा नियम मोडू नका.

टार्गेटकडे जाण्याआधी दोन्ही रायफलींचे बोल्ट (काडतूस आत ढकलून चेंबर बंद करणारे दांडे) उघडे आणि चेंबर रिकामे. चेंबरमध्ये रंगीत झेंडी घातलेली असली की ते लांबूनही दिसतं. कोणी पुढे असताना रायफलीला हात लावायचा नाही, स्कोपमधून नुसतं बघायलाही नाही. कानात बोळे आणि वर इअरमफ, दोन्ही घाला. रायफलीचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास असतो आणि १४० च्या वर एकाच स्फोटाने ऐकण्याला कायमची इजा होऊ शकते. मझल ब्रेक (धक्का कमी करायला नळीच्या टोकाला लावलेला भाग) असेल तर आवाजाचा मारा बाजूला बसलेल्यावर जास्त होतो, त्यामुळे मित्राची जागा मागेच.

एकाच्या परवान्यावरची रायफल दुसऱ्याने हाताळावी की नाही, याचे नियम देशागणिक वेगळे आहेत. ते आधी बघून घ्या.

घरून निघण्यापूर्वी रायफलीचं काय तपासायचं?

स्क्रू. ‘स्कोप बिघडला’ अशा तक्रारींमध्ये आधी स्क्रूंकडेच बघावं. बेसचे (स्कोपच्या रिंगांखालच्या पट्टीचे) स्क्रू काढून तेल पुसा, थोडं निळं थ्रेडलॉकर लावा आणि टॉर्क रेंचने आवळा. रिंगच्या स्क्रूंना बहुतेक उत्पादक १.७ ते २ न्यूटन-मीटर, म्हणजे १५ ते १८ इंच-पाउंड सांगतात. तुमच्या रिंगसोबत आलेल्या कागदावरचा आकडाच शेवटचा. जास्त आवळलं तर स्कोपची नळी दबते आणि आतली भिंगं सरकवणारा भाग अडकायला लागतो. स्टॉक (खांद्याला टेकतो तो दस्ता) आणि अ‍ॅक्शन (बोल्ट बसतो तो भाग) जोडणारे स्क्रूही याच वेळी बघा. आवळून झालं की प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून रिंगवर जाईल अशी रंगाची बारीक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला, रेंच लावायची गरज नाही.

नळी स्टॉकपासून मोकळी आहे का, हे कागदाची पट्टी मधून सरकवून कळतं. पट्टी चेंबरच्या जवळपर्यंत विनासायास गेली पाहिजे. अडली, तर नळी तापल्यावर गोळी एका बाजूला सरकण्याचं कारण बहुधा तिथेच सापडेल. काही रायफलींमध्ये स्टॉकच्या टोकाशी मुद्दाम टेकू दिलेला असतो, तो सोडून.

झिरो कसा करायचा?

२५ मीटरपासून सुरू करा. बोल्ट काढून नळीतून टार्गेटचं केंद्र बघा, रायफल न हलवता क्रॉसहेअर तिथे आणा. आता बोल्ट बसवून एक गोळी. १०० मीटरचा झिरो हवा असेल तर २५ मीटरवर गोळी नेमापेक्षा दीड-दोन सेंटिमीटर खाली लागली पाहिजे, कारण स्कोप नळीच्या वर साधारण साडेचार सेंटिमीटर असतो. इथे टरेटचा ०.१ मिलचा एक क्लिक (टप्पा) गोळीला फक्त अडीच मिलिमीटर हलवतो. घाईत १०० मीटरचा हिशेब लावला तर सुधारणा चौपट कमी पडते.

मग १०० मीटर. पाच गोळ्या झाडा, पाचांचं मध्य काढा आणि त्या मध्यावरून क्लिक मोजा. एकेका गोळीमागे टरेट फिरवणारा माणूस रायफलीच्या नैसर्गिक विस्ताराचा पाठलाग करत राहतो आणि काडतुसांचा डबा संपतो.

ग्रुप (एकाच नेमबिंदूवर झाडलेल्या गोळ्यांचा पुंजका) किती गोळ्यांचा असावा?

तीन गोळ्यांच्या ग्रुपवर विश्वास ठेवू नका. त्याच रायफलीचा दहा गोळ्यांचा ग्रुप सरासरीने तीनच्या दीडपटीहून मोठा येतो. रायफल बिघडलेली नसते, तीन गोळ्यांत तिचा खरा विस्तार दिसलेलाच नसतो. दहा गोळ्या एकाच टार्गेटवर, पण मध्ये थांबून थांबून, हा चांगला मार्ग. काडतुसं जपायची असतील तर पाच-पाचचे दोन ग्रुप एकाच नेमबिंदूवर झाडून कागद एकमेकांवर ठेवा.

नळी तापली की काय होतं?

शिकारी रायफलीची नळी पातळ असते. तीन-चार गोळ्यांत ती तापते आणि काही रायफलींचा मार एका दिशेला चढायला लागतो. साधा नियम: चेंबरच्या पुढे नळीवर तळहात आरामात टेकवता आला पाहिजे. टेकवता येत नसेल तर बोल्ट उघडा ठेवून सावलीत उभी करा आणि मित्राची रायफल घ्या. दोन रायफली आळीपाळीने चालवण्याचा हा मोठा फायदा आहे.

स्कोपचे क्लिक खरे आहेत का, हे कसं तपासायचं?

हा भाग सगळ्यात जास्त लोक टाळतात आणि लांब पल्ल्यावर सगळ्यात जास्त फसवतो तोही हाच. उंच टार्गेटची चाचणी अशी करतात.

सव्वा मीटर उंचीचा पुठ्ठा उभा करा. वरून ओळंबा सोडा आणि त्याच्या दोरीवरून उभी रेघ ओढा. नजरेने सरळ ओढलेली रेघ चालणार नाही. रेघेच्या तळाशी नेमबिंदू काढा. स्कोपपासून पुठ्ठ्यापर्यंतचं अंतर टेपने मोजून बरोबर १०० मीटर करा. लेझर रेंजफाइंडरची एक मीटरची चूक म्हणजे निकालात एक टक्क्याची चूक, आणि आपण शोधतोय तीच दोन-तीन टक्क्यांची गोष्ट.

रायफल वाळूच्या पिशव्यांवर घट्ट बसवा आणि उभं क्रॉसहेअर ओळंब्याच्या रेघेवर आणा. टरेट शून्यावर ठेवून तळाच्या बिंदूवर पाच गोळ्या. आता टरेट १० मिल वर फिरवा आणि पुन्हा त्याच तळाच्या बिंदूवर नेम धरून पाच गोळ्या. दोन ग्रुपच्या मध्यांमधलं अंतर १०० सेंटिमीटर यायला हवं. स्कोप एमओएचा असेल तर ३० एमओए फिरवा, अंतर ८७.३ सेंटिमीटर हवं. स्कोपमध्ये एवढी वरची जागा शिल्लक नसेल तर ५ मिलवर भागवा.

समजा ९७ सेंटिमीटर आले. म्हणजे तुमचा प्रत्येक क्लिक ३ टक्के कमी आहे. स्कोप फेकून द्यायचं कारण नाही. चूक सगळीकडे सारखी असेल तर ती हिशेबात धरता येते: ५ मिल हवे असतील तर ५ ला ०.९७ ने भागा, टरेटवर ५.१५ च्या जवळचा क्लिक घ्या. गोळीच्या मार्गाचा हिशेब करणाऱ्या बहुतेक बॅलिस्टिक अ‍ॅपमध्ये हा गुणक भरायची जागा असते. खरी काळजीची गोष्ट म्हणजे चूक दर वेळी वेगळी येणं. तसं झालं तर दुरुस्ती किंवा बदली, दुसरा उपाय नाही.

वरचा ग्रुप रेघेच्या डावी-उजवीकडे सरकला तर रेटिकल (क्रॉसहेअर आणि त्यावरच्या खुणा) स्कोपच्या नळीत फिरलेलं आहे किंवा झाडताना रायफल तिरकी धरली गेली आहे. कोणतं ते मित्राच्या मदतीने कळतं: रायफल घट्ट धरून ठेवा, क्रॉसहेअर ओळंब्यावर लावा आणि मित्राला टरेट हळूहळू फिरवायला सांगा. क्रॉसहेअरचा मध्य रेघेवरूनच उतरत असेल तर आतली रचना ठीक, चूक धरण्यात आहे. ही तपासणी गोळी न झाडताही होते. पुठ्ठ्यावर टेप चिकटवला की क्लिकचं मापही त्यातच वाचता येतं, आणि नेमबाजाची चूक निकालात मिसळत नाही.

शेवटी टरेट दोन-तीनदा टोकापर्यंत नेऊन शून्यावर आणा आणि तीन गोळ्या झाडा. त्या पहिल्या ग्रुपमध्ये मिसळल्या पाहिजेत.

पॅरॅलॅक्स म्हणजे नेमकं काय बघायचं?

रायफल पिशव्यांवर ठेवा, गाल उचला आणि डोकं किंचित वरखाली, डावी-उजवीकडे हलवा. क्रॉसहेअर टार्गेटवर तरंगल्यासारखा सरकला तर पॅरॅलॅक्स आहे. बाजूची घुंडी सरकणं थांबेपर्यंत फिरवा. घुंडीवर छापलेल्या अंतराच्या आकड्यांवर विसंबू नका, ते अंदाजाचेच असतात. घुंडी नसलेले शिकारी स्कोप साधारण १०० ते १५० मीटरला पक्के केलेले असतात. त्यांच्यावर उपाय एकच: प्रत्येक वेळी गाल दस्त्यावर त्याच जागी.

मोठेपणा (स्कोप चित्र किती पट मोठं दाखवतो ते) बदलला की रेटिकलच्या खुणा चुकतात, असं का?

स्कोप दुसऱ्या फोकल प्लेनचा (मोठेपणा बदलला तरी रेटिकल तेवढंच दिसतं असा) असेल तर खुणांचं माप एकाच मोठेपणाला खरं असतं, बहुधा सर्वांत जास्त मोठेपणाला. मोठेपणा निम्मा केला की १ मिलची खूण २ मिल होते. पहिल्या फोकल प्लेनमध्ये रेटिकल चित्राबरोबर लहान-मोठं होतं म्हणून ही अडचण नाही, पण कमी मोठेपणावर रेटिकल इतकं बारीक होतं की सांजवेळी दिसत नाही.

१०० मीटरवरून पुढे कसं जायचं?

२००, ३००, ४०० असं टप्प्याने. अ‍ॅपमध्ये चार गोष्टी नीट भरा: क्रोनोग्राफने (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्राने) मोजलेला वेग, गोळीचा बॅलिस्टिक कोइफिशंट (हवा गोळीचा वेग किती कमी करते ते सांगणारा आकडा), नळीच्या मध्यापासून स्कोपच्या मध्यापर्यंतची उंची, आणि त्या जागेचं तापमान व हवेचा दाब. डब्यावर छापलेला वेग भरू नका. तो वेगळ्या लांबीच्या नळीतून मोजलेला असू शकतो.

अ‍ॅप सांगतं एक आणि गोळी लागते दुसरीकडे, असं झालं की लगेच आकडे बदलायला बसू नका. आधी चुकीचं रूप बघा. सगळ्या अंतरांवर मिलमध्ये सारखीच चूक असेल, समजा प्रत्येक ठिकाणी ०.२ खाली, तर झिरो चुकलाय. चूक अंतराबरोबर वाढत असेल तर वेग किंवा टरेट. या दोघांतलं कोणतं ते ओळखायला टरेट शून्यावर ठेवून रेटिकलच्या खुणेने नेम धरा आणि तीन गोळ्या झाडा. चूक नाहीशी झाली तर दोष टरेटचा. तशीच राहिली तर वेग पुन्हा मोजा. बॅलिस्टिक कोइफिशंटला हात लावायचा तो सगळ्यात शेवटी, सगळ्यात लांबच्या अंतरावर.

उतारावर किंवा चढावर झाडताना तिरकं नव्हे, आडवं अंतर धरा. ३० अंशांच्या उतारावर ४०० मीटर दिसत असतील तर हिशेब सुमारे ३४६ मीटरचा.

रायफल थोडी तिरकी धरली तर कितीसा फरक पडतो?

६०० मीटरसाठी साधारण ५ मिल वर फिरवावे लागतात, म्हणजे तिथे ३ मीटरची उचल. रायफल ३ अंश कलली तर गोळी १५ सेंटिमीटर बाजूला जाते. ३ अंश डोळ्याला जाणवत नाहीत, उतारावर बसलं की तर मुळीच नाही. स्कोपवर छोटी पाणसळ लावा आणि मित्राला मागून बघायला सांगा. अनेकजण अशा चुकीला वारा समजून उगाच टरेट फिरवतात.

वाऱ्याचा अंदाज कसा बांधायचा?

५०० मीटरवर ४ मीटर प्रतिसेकंदाचा आडवा वारा गोळीला अर्ध्या मीटरपेक्षा जास्त ढकलतो. नेमाच्या रेषेशी ३० अंशांच्या कोनात येणारा वारा निम्मा धरा, ४५ अंशांचा सुमारे ७० टक्के. नेमबाजाजवळचा वारा महत्त्वाचा, कारण तिथे मिळालेली दिशा गोळी शेवटपर्यंत घेऊन जाते. पण फक्त तोच बघून चालत नाही, मधल्या घळीतून वेगळा वारा वाहत असतो.

मित्राने स्पॉटिंग स्कोपचा फोकस टार्गेटच्या थोडा अलीकडे आणावा. उन्हात हवेच्या लहरी दिसतात आणि त्या वाऱ्याबरोबर वाहतात. सरळ वर उकळताना दिसल्या तर वारा थांबलाय किंवा अगदी समोरून-मागून येतोय. अशा वेळी गोळी झाडू नका, तो पुढच्या क्षणी कुठे वळेल सांगता येत नाही. वारा एकसारखा वाहतोय त्या क्षणाची वाट बघा आणि मित्राने ‘आता’ म्हटल्यावर दोन-तीन सेकंदांत चाप सुटला पाहिजे. उंची तपासायची असेल तर पहाटेची वेळ निवडा. वारा शिकायला दुपार.

ग्रुप खराब येतोय. दोष रायफलीचा, स्कोपचा, काडतुसांचा की माझा?

एका वेळी एकच गोष्ट बदला. क्रम असा ठेवा.

आधी स्क्रूंवरच्या रेघा बघा. मग टेकू: वाळूची पिशवी स्टॉकखाली हवी, नळीखाली नाही, आणि पुढच्या पट्ट्याची कडी धक्क्याने पिशवीवर आपटत नाही ना हे पाहा. मग रायफल मित्राच्या हाती द्या. त्याचा ग्रुप लहान आला तर रायफल निर्दोष आहे, गोष्ट तुमच्यापाशी आली. त्याचाही खराब आला तर दुसऱ्या लॉटची किंवा दुसऱ्या गोळीची काडतुसं. तरीही तसंच असेल तर मित्राच्या रायफलीवरचा, खात्रीचा स्कोप तुमच्या रायफलीवर चढवा. ग्रुप सुधारला तर तुमचा स्कोप गेला. नाहीच सुधारला तर नळीतलं तांबं साफ करा, मग अ‍ॅक्शन स्टॉकमध्ये नीट बसते का बघा, आणि त्यानंतर बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे जा.

नेमबाजाची चूक शोधायला खोट्या (दारू नसलेल्या) काडतुसाइतकं सोपं साधन नाही. मित्राने तुमच्याकडे पाठ करून रायफल भरायची, कधी खरं काडतूस, कधी खोटं, तुम्हाला न सांगता. खोट्यावर चाप ओढला की धक्का येत नाही आणि नळीचं टोक स्पष्ट खाली झुकताना दिसतं. खांदा पुढे येतो, डोळे मिटतात. हे मित्राच्या फोनवर चित्रित करून नेमबाजाला दाखवा. सांगून पटत नाही, बघून पटतं. उपाय म्हणजे .२२ ची छोटी रायफल, खोट्या काडतुसांचा सराव आणि एका बैठकीत मोठ्या काडतुसाच्या कमी गोळ्या. लाजण्यासारखं यात काही नाही, कानात बोळे घालून धक्क्याशी सवय करून घेणं हा शिकण्याचाच भाग आहे.

काडतूस उडालंच नाही तर?

नळी बांधाकडेच ठेवून निदान ३० सेकंद थांबा, मग बोल्ट उघडा. आवाज नेहमीपेक्षा दबका आला किंवा धक्का कमी बसला तर त्याहून जास्त काळजी घ्या: पुढची गोळी भरू नका. आधीची नळीत अडकलेली असू शकते. रायफल रिकामी करा, बोल्ट काढा आणि नळीतून उजेड आरपार दिसतो का बघा.

लोखंडी टार्गेट चालेल का?

लांबच्या सरावाला उत्तम, मापाला निरुपयोगी. कडक एआर५०० पोलादाची, पुढे थोडी झुकवलेली आणि खड्डे न पडलेली प्लेट हवी. १०० मीटरच्या आत रायफलीने तिच्यावर झाडू नका, तुकडे मागे येतात.

वहीत काय लिहायचं?

तारीख, तापमान, दाब, काडतुसाचा लॉट, अंतर, फिरवलेले मिल, वाऱ्याचा अंदाज, नेमबाजाने सांगितलेली जागा, प्रत्यक्ष लागलेली जागा, आणि नळी थंड होती की गरम. शेवटचे तीन रकाने सगळ्यात मोलाचे. वही मित्राने भरावी.

मग शिकारीत किती लांबून गोळी घालावी?

टेबलावरचा ग्रुप याचं उत्तर देत नाही. हरणाच्या हृदय-फुफ्फुसाचा भाग साधारण २० सेंटिमीटरचा धरतात. तेवढी गोल चकती कापा आणि शिकारीत जशी बैठक असते तशी घ्या: काठ्यांवर, पाठपिशवीवर, बसून. वेगवेगळ्या दिवशी, थंड नळीने, फक्त पहिली गोळी झाडा. ज्या अंतरापर्यंत या सगळ्या पहिल्या गोळ्या चकतीत आहेत ते तुमचं अंतर. एक जरी बाहेर गेली तर अंतर कमी करा. दुसरी गोळी सुधारून मारली याला काही किंमत नाही, जखमी जनावर तोवर झाडीत गेलेलं असतं.

नळी साफ करून तेल लावलेली असेल तर तिची पहिली गोळी बऱ्याचदा वेगळी जाते. शिकारीला निघण्याआधी दोन-तीन गोळ्या झाडून नळी ‘मळवून’ घ्या, किंवा स्वच्छ नळीचा फरक वहीत नोंदवून ठेवा. गोळीच्या वेगाचीही मर्यादा आहे. बऱ्याच शिकारी गोळ्यांना फुलण्यासाठी साधारण ५५० मीटर प्रतिसेकंद लागतो. त्याखाली ती भोक पाडून निघून जाते आणि जनावर लांब पळतं. उत्पादकाचा आकडा बघा आणि अ‍ॅपमध्ये तो वेग कोणत्या अंतरावर येतो ते शोधा. चकतीचं अंतर आणि वेगाचं अंतर, दोन्हींत जे कमी ते.

झिरो पुन्हा कधी तपासायचा?

रायफल पडली, स्कोप काढला, काडतुसाचा लॉट बदलला, विमानाने किंवा खडबडीत रस्त्याने प्रवास झाला, किंवा उंची-तापमान बरंच बदललं, तर शिकारीच्या आदल्या दिवशी १०० मीटरवर तीन गोळ्या झाडा. त्या ठरल्या जागी लागल्या नाहीत तर आधी स्क्रूंवरच्या रेघा बघा, टरेटला नंतर हात लावा.